रिचमंड हिलच्या इस्पितळावरून सुचलेले काही



कॅनडातील टोरांटो महानगराच्या उत्तरेस, यंग स्ट्रीट नावाच्या लांबच लांब रस्त्याला धरून रिचमंड हिल वसले आहे. जुने लोक अजून त्याला गाव म्हणतात. पण वस्ती दोन लाखांवर गेली असून २०१९ पासून त्याला रीतसर शहराचा दर्जा मिळाला आहे. आमची भाची येथे संसार करते, म्हणून शाळेच्या सुटीत आमचा मुक्काम येथे पडला. संध्याकाळी पाय मोकळे करायला मेजर मॅकेन्झी ड्राइव्हवरून निघालो की एक भले मोठे इस्पितळ लागते. आज त्यावर मॅकेन्झी रिचमंड हिल हॉस्पिटल अशी पाटी आहे. २००३ साली त्याचे नाव यॉर्क सेंट्रल हॉस्पिटल होते, आणि त्या वर्षीच्या मार्च महिन्यात ते एकाएकी जगाच्या बातम्यांत आले. ती हकीकत आज पुन्हा सांगण्यास कारण आहे.

ते कारण असे. १० नोव्हेंबर २०२५ रोजी पॅन अमेरिकन आरोग्य संघटनेने जाहीर केले की गोवराचे निर्मूलन केलेला देश ही कॅनडाची ओळख आता राहिली नाही. ही ओळख कॅनडाने १९९८ साली मिळवली होती. गोवराचा एकच वाण एखाद्या देशात सतत बारा महिने पसरत राहिला, तर ही मान्यता जाते. येथे ऑक्टोबर २०२४ मध्ये सुरू झालेली साथ वर्ष उलटले तरी आटोक्यात आली नव्हती. देशभरात पाच हजारांहून अधिक लोकांना गोवर झाला. त्यांपैकी सुमारे २,४०० एकट्या ऑन्टारिओ प्रांतातले. पैसा, डॉक्टर, लस, शीतपेट्या, कायदा, कशाचीही वाण नसलेल्या देशात हे घडावे याचे पुष्कळांना आश्चर्य वाटले. आम्हाला तितकेसे वाटले नाही, कारण रिचमंड हिलचे २००३ साल आम्ही नुकतेच वाचून काढले होते.

त्या वर्षी फेब्रुवारीअखेर हाँगकाँगच्या एका हॉटेलात उतरलेली एक वृद्ध स्त्री टोरांटोस परतली आणि ५ मार्च रोजी घरीच वारली. तिचा मुलगा ७ मार्चला स्कारबरो ग्रेस इस्पितळात आला. तातडीच्या विभागात तो रात्रभर इतर रुग्णांच्या शेजारी पडून होता. तेव्हा त्या आजाराला नावही नव्हते. पुढे त्याला सार्स म्हणू लागले. शेजारच्या रुग्णांना लागण झाली, आणि मार्चच्या मध्यास त्यांच्यापैकी एकाची यॉर्क सेंट्रलमध्ये, म्हणजे येथे रिचमंड हिलला, बदली करण्यात आली. त्या एका बदलीतून येथे पन्नासांच्या घरात लोक आजारी पडले. महिनाअखेर इस्पितळाला नवे रुग्ण घेणे थांबवावे लागले. त्या दिवसांत जे कोणी तेथे जाऊन आले होते, रुग्ण असोत, भेटीला आलेले नातेवाईक असोत, की कामगार, त्यांना दहा दिवस घरात अलग राहण्यास सांगण्यात आले. साथ ओसरेपर्यंत ऑन्टारिओत ३७५ जणांना ही लागण झाली, ४४ दगावले. मृतांत दोन परिचारिका आणि एक डॉक्टर होते. बहुसंख्यांना लागण इस्पितळातच झाली, हे विशेष. बरे व्हायला जायचे त्या जागेतूनच आजार बाहेर पडत होता.

यात दोष कोणाचा? नवा रोग, कोणास माहीत नव्हता, असे उत्तर सोपे आहे आणि ते बरेचसे खरेही आहे. पण त्याच ७ मार्च रोजी, त्याच हाँगकाँगच्या हॉटेलात राहून आलेला एक गृहस्थ देशाच्या दुसऱ्या टोकाला, व्हँकुव्हरच्या इस्पितळात आला. तेथील लोकांनी त्याला पाहताक्षणी वेगळ्या खोलीत नेले आणि तोंडाला पट्ट्या बांधूनच त्याच्याजवळ गेले. तेथे साथ पसरली नाही. व्हँकुव्हरचे डॉक्टर अधिक हुशार होते असे कोणी म्हटलेले नाही. थोडे नशीबही होते. परंतु चीनच्या दक्षिणेकडून चमत्कारिक ज्वराच्या वार्ता येत आहेत, सावध राहा, अशी सूचना त्या प्रांताच्या आरोग्य खात्याने खालपर्यंत पोचवली होती, आणि खालच्या माणसाला तीवर वागण्याची सवय होती. आजार एकच, दिवस एकच, आणि फळ अगदी निराळे.

याहून बोचणारी गोष्ट पुढे घडली. मे महिन्यात साथ संपली असे मानून निर्बंध सैल करण्यात आले; १७ मे रोजी प्रांताने आणीबाणी उठवली. रिचमंड हिलच्या दक्षिणेस नॉर्थ यॉर्क जनरल नावाचे इस्पितळ आहे. तेथील परिचारिकांना काही रुग्णांचा खोकला व ताप पाहून शंका येऊ लागली. एकाच कुटुंबातील अनेक जण आजारी पडले होते. हे तेच आहे, असे त्या सांगू लागल्या. त्यांना उत्तर मिळाले की ठाऊक असलेल्या एखाद्या सार्स रुग्णाशी यांचा संबंध दिसत नाही, तेव्हा हा सार्स नव्हे. २३ मे रोजी जाहीर करावे लागले की साथ परत आली आहे. खरे पाहता ती गेलीच नव्हती. परिचारिकांचे म्हणणे खरे ठरले, पण त्या अवधीत त्यांच्यापैकीच अनेक जणी अंथरुणाला खिळल्या.

या सर्व प्रकरणाची चौकशी न्यायमूर्ती आर्ची कॅम्बेल यांनी केली. त्यांचा अखेरचा अहवाल जानेवारी २००७ मध्ये प्रसिद्ध झाला. लिहितेवेळी ते स्वतः आजारी होते. अहवाल दिल्यावर काही महिन्यांतच त्यांचे निधन झाले. शेकडो पानांच्या या अहवालाचा गाभा आम्हाला समजला तो इतकाच: धोका असावा असे मानण्यास वाजवी कारण दिसले की उपाय योजावा, शास्त्रीय खात्री होईपर्यंत थांबू नये, आणि जे रुग्णाच्या उशाशी उभे असतात त्यांचे ऐकण्याची सोय असावी. सोय हा शब्द आमचा आहे. ऐकावे असे तर सारेच म्हणतात. सोय म्हणजे कोणी, कोणाला, केव्हा सांगायचे आणि सांगितल्यावर पुढे काय व्हायचे, हे आधी ठरलेले असणे.

२००३ सालचा ईस्टर २० एप्रिलला आला. साथीमुळे टोरांटोच्या कॅथलिक धर्मप्रांताने सूचना काढल्या: उत्तम शुक्रवारी क्रुसाचे चुंबन घेऊ नये, प्रसाद जिभेवर न घेता हातावर घ्यावा. वर्षातील सर्वात पवित्र दिवशी परंपरेला असा हात लावणे सोपे नसते. हे वाचताना ख्रिस्ती धर्मग्रंथांत पुढाऱ्याच्या कर्तव्याविषयी काय विचार आहे ते पाहावेसे वाटले. आम्ही जन्माने ख्रिस्ती नाही. पण मॉरिशसमध्ये ज्याचे बालपण गेले त्याला चर्चची घंटा आणि आपल्या देवळाची घंटा दोन्ही ओळखीच्या असतात.

यहेज्केल संदेष्ट्याच्या पुस्तकात तेहतिसाव्या अध्यायात पहारेकऱ्याचा दृष्टांत आहे. तटावर उभ्या राहणाराला शत्रू येताना दिसला आणि त्याने शिंग फुंकले नाही, तर जे मरतील त्यांचा जाब त्याच्याकडून घेतला जाईल, असा त्याचा आशय. हा दृष्टांत प्रवचनांत नेहमी येतो आणि पुढाऱ्यांना तो आवडतो, कारण त्यात पुढारी उंचावर असतो. परंतु नॉर्थ यॉर्कच्या हकीकतीत शत्रू प्रथम दिसला तो तटावरच्यांना नव्हे, दाराशी उभ्या असलेल्या बायांना. म्हणून आमच्या मते या प्रसंगी अधिक उपयोगी पडतो तो प्रेषितांची कृत्ये या पुस्तकाचा सहावा अध्याय, ज्याची चर्चा त्या मानाने कमी होते.

यरुशलेममधील पहिल्यावहिल्या मंडळीत रोज अन्न वाटले जाई. मंडळीत दोन भाषा बोलणारे लोक होते. ग्रीक बोलणाऱ्यांत कुरकुर सुरू झाली की वाटपात आमच्या विधवांना डावलले जाते. बघा, प्रकरण किती क्षुल्लक दिसते! चार विधवा, भाकरीचे वाटप, आणि त्यात भाषेचा वाद. आपल्याकडच्या कोणत्याही मंडळात असे गाऱ्हाणे आले तर अध्यक्ष काय म्हणतील ते वाचकांस ठाऊक आहे. काही लोकांना फूट पाडायची आहे, असे म्हणतील. किंवा पुढच्या सभेत पाहू, असे म्हणतील. बारा प्रेषितांनी यांपैकी काही केले नाही. त्यांनी सर्वांना एकत्र बोलावले, देवाच्या वचनाचे काम सोडून आम्ही वाटपात गुंतणे योग्य नाही असे सांगितले, आणि सात जण निवडण्यास सांगितले. निवडलेल्यांची नावे पुस्तकात दिली आहेत: स्तेफन, फिलिप्प आणि आणखी पाच. सातही नावे ग्रीक आहेत. म्हणजे ज्यांची तक्रार होती, वाटपाची सूत्रे त्यांच्याच माणसांच्या हाती गेली. हा अध्याय लिहिणाऱ्याने कुरकुर करणाऱ्यांना दोष दिलेला नाही, हेही ध्यानात घेण्यासारखे आहे.

आमच्या बेटावर पेर लवाल यांनी जे केले ते याच जातीचे होते. शिक्षणाने डॉक्टर असलेले हे फ्रेंच धर्मगुरू १८४१ साली मॉरिशसला आले, तेव्हा गुलामगिरी संपून फार वर्षे झाली नव्हती. मुक्त झालेल्या लोकांची क्रिओल बोली ते शिकले, तीतच शिकवू लागले, आणि त्या लोकांतूनच त्यांनी साहाय्यक उभे केले. ९ सप्टेंबर हा त्यांचा स्मृतिदिन. त्या दिवशी सेंत क्रुआ येथे त्यांच्या समाधीला हिंदू, मुसलमान, ख्रिस्ती सारे चालत जातात. आमच्या आजीनेही ती वाट चाललेली आहे.

आपल्या मराठी मुलुखातले उदाहरण पाहायचे तर पंडिता रमाबाईंचे. कोवळ्या वयात दुष्काळात आईबाप गमावलेली ही बाई. १८९६ साली मध्य प्रांतात दुष्काळ पडल्याच्या वार्ता येऊ लागल्या तेव्हा त्या स्वतः तेथे गेल्या, आणि अनाथ मुली व विधवा यांना घेऊन पुण्यास आल्या. तोच पुण्यात प्लेगची साथ आली आणि इतक्या मुली शहरात ठेवण्यास अधिकाऱ्यांनी मनाई केली. रमाबाईंनी केडगावला जमीन आधीच घेऊन ठेवली होती. संस्थेला फळबागेचे उत्पन्न व्हावे हा मूळ हेतू. मुलींना तेथे तंबूंत नेऊन ठेवले, आणि त्यातून मुक्ती मिशन उभे राहिले. प्लेगच्या इस्पितळातील कारभारावर त्यांनी १८९७ साली वर्तमानपत्रात उघड पत्र लिहिले, गव्हर्नरांचीही भीड धरली नाही. त्यांच्या धर्मांतराविषयी महाराष्ट्रात पुष्कळ वाद झाले. तो विषय आज आमचा नाही. आम्हाला येथे दिसते ते हे, की दुष्काळाची बातमी कानी येताच ही बाई निघाली. आकडे जमा होण्याची वाट तिने पाहिली नाही.

आता कॅनडाकडे परत येऊ. कॅम्बेल यांच्या अहवालानंतर ऑन्टारिओने पुष्कळ केले असे नाही म्हणता येणार नाही. साथीसाठी मुखपट्ट्यांचा प्रचंड साठा करण्यात आला, साडेपाच कोटींचा. पण साठ्याला मुदत असते. २०१७ साली प्रांताच्या महालेखापालांनी दाखवून दिले की साठ्यातील बहुतांश माल मुदतबाह्य झालेला आहे. तो पुढे नष्ट केला गेला, आणि त्याच्या जागी तितका नवा आला नाही. २०२० साली कोविड आला तेव्हा सर्वात जबर मार बसला तो वृद्धाश्रमांना. न्यायमूर्ती फ्रँक मॅरोको यांच्या आयोगाने एप्रिल २०२१ मध्ये अहवाल दिला, तोवर ऑन्टारिओच्या वृद्धाश्रमांत सुमारे ४,००० म्हातारी माणसे कोविडने गेली होती. सार्सने जे शिकवले होते ते विसरले गेले, हे त्या आयोगाला नमूद करावे लागले. आश्रमांत माणसे अपुरी, एका खोलीत चार चार खाटा, हे सारे तेथे काम करणाऱ्या बाया वर्षानुवर्षे सांगत होत्या. यांतील पुष्कळ बाया फिलिपीन्स, कॅरिबियन बेटे आणि आपला देश येथून आलेल्या. त्यांचा शब्द वर पोचायला सैन्याला आश्रमांत जावे लागले. सैनिकांनी मे २०२० मध्ये जे लिहून दिले ते मात्र सर्व वर्तमानपत्रांत छापून आले.

दुसऱ्यांचेच दोष काढत बसणे बरे नव्हे. त्याच २०२० साली आमच्या मॉरिशसमध्ये काय झाले? १८ मार्च रोजी पहिले कोविड रुग्ण सापडले आणि २० मार्चला संचारबंदी लागली. दुकाने बंद झाली, लोक चिडले, पण पहिल्या लाटेत मृत्यू दहावरच थांबले. चार महिन्यांनी, २५ जुलैला, वाकाशिओ हे जपानी मालकीचे जहाज पॉइंत देस्नीजवळ प्रवाळाच्या रांगेवर चढले. त्यात जवळजवळ चार हजार टन तेल होते. बारा दिवस ते तसेच राहिले. समुद्र खवळलेला असल्याने तेल काढता आले नाही, असे शासनाने सांगितले, आणि त्यात तथ्य असेलही. परंतु समुद्राचे जाणकार विचारत होते की निदान तरंगते बांध तरी आधी का घालून ठेवत नाही? त्यांना धोका थोडा आहे असे सांगण्यात येत होते. ६ ऑगस्टला तेल बाहेर येऊ लागले. सुमारे १,००० टन तेल खाडीत पसरले. मग माएबूरच्या लोकांनी उसाचे पाचट कापडात भरून रात्रंदिवस बांध विणले. आमच्या शाळेतील मोठी मुलेही गेली होती. परत आली तेव्हा हातांचा वास आठ दिवस जात नव्हता. एकच देश, एकच सरकार, एकच वर्ष: मार्चमध्ये कान उघडे आणि जुलैमध्ये बंद. म्हणून आम्ही असे मानत नाही की काही देश जागरूक असतात आणि काही झोपाळू. मार्चमध्ये जगभर माणसे मरताना दिसत होती, भीती ताजी होती. जुलैत जहाज नुसते उभे होते.

आणि आमचे स्वतःचे काय? पुष्कळ वर्षांपूर्वी, प्रशिक्षण संपवून नुकतेच शाळेत लागलो होतो. वर्गात एक मुलगा होता. सतत शेजाऱ्याच्या वहीत डोकावे, फळ्यावरचे उतरवून घेताना बडबड करी. आम्ही त्याला दोनदा उभे केले, एकदा वर्गाबाहेर काढले. वर्ग झाडायला येणारी बाई एकदा दारात थांबून म्हणाली, "मिस्ये, त्याला फळा दिसत नाही वाटतं." आम्ही हसून मान हलवली. प्रशिक्षणात आम्ही बालमानसशास्त्राची जाडजूड पुस्तके वाचली होती ना! सहामाही परीक्षेत तो नापास झाला, तेव्हा त्याच्या आईने त्याला डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेले. चष्मा लागला. ते अर्धे वर्ष त्याला कोणी परत दिले नाही. झाडणाऱ्या बाईने तो विषय पुन्हा काढला नाही, आणि आम्हीही तिला कधी काही बोललो नाही, याची आजही लाज वाटते.

असो. गोवराकडे वळू, कारण तेथे ख्रिस्ती समाजाचाच प्रश्न आला आहे. ही साथ प्रथम न्यू ब्रन्सविक प्रांतातील एका मोठ्या मेळाव्यातून पसरली, आणि ऑन्टारिओच्या नैर्ऋत्य भागातील मेनोनाइट, आमिश अशा ख्रिस्ती पंथांच्या वस्त्यांत तिचा जोर अधिक होता, असे प्रांताचे मुख्य आरोग्य अधिकारी डॉ. कीरन मूर यांनी मार्च २०२५ मध्ये कळवले होते. यावरून काही लोकांनी त्या साध्याभोळ्या शेतकरी पंथांना धारेवर धरले. हे आम्हाला न्याय्य वाटत नाही. त्यांच्या धर्मात लशीला मनाई नाही. दूरदूरच्या शेतवस्त्या, सरकारी कागदांविषयी पिढ्यानपिढ्यांचा अविश्वास, घरी लो जर्मन बोली आणि कचेरीत इंग्रजी, असे ते दुखणे आहे. लसीकरण कोविडच्या काळापासून साऱ्या समाजांतच मागे पडत चालले होते. ती घसरण आरोग्य खात्याच्या कागदांवर दिसत होती. काही आरोग्य कचेऱ्यांनी लो जर्मन बोलीत माहिती देण्यास सुरुवात केली, ते चांगलेच झाले. परंतु तेव्हा साथ दारात आली होती. यरुशलेममध्ये ग्रीक नावांचे सात जण निवडले गेले ते कुरकुर असतानाच. मंडळी फुटल्यावर नव्हे. येथे त्या पंथांच्या वडीलधाऱ्यांवरही जबाबदारी येते. ज्या मंडळीत वडील माणसाचा शब्द चालतो, तेथे एखाद्या आईने लशीविषयी विचारले असता गप्प राहणे हाही एक सल्लाच होतो.

ऑन्टारिओची साथ ऑक्टोबर २०२५ मध्ये संपल्याचे जाहीर झाले. त्यापूर्वी, आईच्या पोटातच लागण झालेले एक अपुऱ्या दिवसांचे मूल येथे जून महिन्याच्या सुमारास दगावले होते. देशाला गेलेली मान्यता परत मिळवायची असेल, तर त्या वाणाचा प्रसार सलग बारा महिने थांबलेला दाखवावा लागतो.

या प्रांतात शाळकरी मुलांच्या लसीकरणाची नोंद आरोग्य कचेरीकडे देणे कायद्याने बंधनकारक आहे. ती नसेल आणि पालकांनी रीतसर सूटही घेतलेली नसेल, तर मुलाला काही दिवस शाळेत येऊ देत नाहीत. भाचीच्या घरी फ्रिजवर चुंबकाखाली असेच एक पत्र आम्हाला दिसले, यॉर्क रीजनच्या आरोग्य कचेरीचे. धाकट्याच्या एका लशीची नोंद सापडत नव्हती. पत्र येऊन तीन आठवडे झाले होते. विचारले तर म्हणाली, "मामा, टोचलंय हो त्याला, फक्त कळवायचं राहिलंय." त्या रात्री आम्ही दोघांनी मिळून जुनी पिवळी पुस्तिका शोधली. एक मात्रा खरोखरच राहिलेली निघाली. सकाळी आठ वाजता तिने डॉक्टरांच्या दवाखान्यात फोन लावला.